आत्याची खिडकी आणि पुढची आवृत्ती

आमच्या आत्याला वरच्या मजल्यावर, पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी हवी होती. शाळेतली नोकरी संपली की सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून बसायचे, एवढीच तिची इच्छा. घर मी बांधून देणार होतो, कारण मी वास्तुविशारद आहे आणि भाचा असल्याने तिला दुसरीकडे जायची सोय नव्हती.

आमच्या कार्यालयाचा नियम आहे. जे संगणकाच्या चित्रात दिसत नाही, ते बांधायचे नाही. त्यासाठी नुकतेच सर्वांत वेगवान ग्राफिक्स कार्ड घेतले होते. त्याने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आत्याचे घर उभे केले. फक्त खिडकीच्या जागी काळा चौकोन आला.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, चिप एकदम उत्तम आहे," तिथला माणूस म्हणाला. "काचेचं सॉफ्टवेअर तेवढं यायचंय. पुढच्या आवृत्तीत येईल."

"तोवर काय करू?"

"काच टाळा."

याचा सुगावा लागताच प्रतिस्पर्धी कंपनीचा विक्रेता धावत आला. त्यांच्या कार्डावर काच लखलखत होती, मात्र जिना गायब होता. "जिन्याला आमचा अधिकृत पाठिंबा नाही," तो अभिमानाने म्हणाला. "पण त्यांचा जिना दिसायला वेळ लागतो. आमचा त्यांच्या निम्म्या वेळात दिसत नाही."

दोन्ही कार्डे एकाच संगणकात बसवून पाहिली. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवून काम बंद केले. जिन्याशिवाय वर जाता येत नाही, हे मला शिक्षणामुळे ठाऊक होते. म्हणून मी खिडकी रद्द केली.

"अरे, गवंड्याला सांग ना भिंतीत जागा सोडायला," आत्या काकुळतीने म्हणाली. "त्याला कुठे कार्ड लागतं?"

"आत्या, तुला यातली तांत्रिक बाजू कळायची नाही."

घर झाले. आत्या भर सकाळी दिवा लावून बसू लागली आणि मला मनापासून वाईट वाटले. तेवढ्यात काचेची आवृत्ती आली! पण मंजूर चित्रात भिंत अखंड होती, त्यामुळे ती फोडणे आता नियमात बसत नव्हते. मी त्या भिंतीवर मोठा स्क्रीन लावला आणि त्यात सुरेख खिडकी दाखवली. पडदे हलत होते, ऊनही कोवळे होते. पहिल्याच सकाळी सूर्य अर्धा वर आला आणि थांबला. खाली अक्षरे उमटली : 'अद्ययावत होत आहे. कृपया बंद करू नका.'

अधिकृत पाठिंबा असलेल्या जिन्यावरून आत्याने खुर्ची खाली आणली आणि सरळ रस्त्याच्या कडेला उन्हात मांडली. येणारेजाणारे पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"ये, बस जरा," ती म्हणाली. "छान ऊन आहे."

"नको गं. उन्हात फोनचा स्क्रीन दिसत नाही."

ती हसली. तुम्हीही हसलात. हसा खुशाल, पण एक सांगा, हे वाचायला बसताना खिडकीचा पडदा कोणी ओढला?