दूषित पाण्याच्या हार्दिक शुभेच्छा

संकटात माणसाला आधी धीर लागतो, पाणी नंतर. आणि धीर कोण देतंय हे फोटोत स्वच्छ दिसावं लागतं. छत्रपती संभाजीनगरात, शेंद्र्याच्या रस्त्याला असलेली आमची वसाहत या बाबतीत भाग्यवान. आमच्याकडे जनसंवाद कक्ष आहे. (टँकर नाही. पण कक्षात एसी आहे.)

घटना किरकोळ. आठवड्याने नळ आला, लोकांनी ड्रम, हंडे, कुकरसुद्धा भरून ठेवले, आणि मग कक्षाला कळलं की पाइपात गटार मिसळलंय. कक्षप्रमुख शंतनू यांनी (पुण्याहून संकट-संवादाचा कोर्स, श्रेणी अ) लगेच संदेश लिहायला घेतला.

मसुदा एक.
पाणी दूषित आहे. पिऊ नका.
शेरा, वसाहतीचे नेते सर्जेरावदादा: यात मी कुठंय?

मसुदा दोन.
दादांच्या लक्षात आले आहे की पाणी दूषित असू शकते. शक्यतो पिऊ नये.
शेरा, दादा: 'नये' कशाला? वाचून माणसाला बरं वाटलं पाहिजे.

(मध्येच हेल्पलाइन वाजली. फोनच्या टेबलाशी कक्षातली विशाखा.

"ए माय, मी मुक्ताबाई, मागल्या गल्लीतली. पाण्याला लई वास मारतोय. नातवाचं दूध पावडरीचं हाय. ह्याच पाण्यात कालवू का नको?"

"मावशी, अधिकृत संदेश येतोय. त्याआधी मला काही सांगता येत नाही."

"आगं, लेकरू रडतंय."

विशाखाने आवाज खाली आणला. "मावशी, पाण्याचं नाय सांगता येत. माझं सांगते. आज सकाळी मी घरून बाटली आणलीय. आमच्या साहेबांनी पण."

"व्हय का," मुक्ताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विनापरवाना तहान जाहीर केल्याबद्दल विशाखाला नोटीस देण्यात आली.)

मसुदा तीन.
पाण्याबाबत आम्ही सतर्क आहोत.
शेरा, दादा: आता जमलं. फोटो टाका.

फोटो टाकला. हात जोडलेले दादा, मागे सोनेरी किरणं, खाली गोल गोल अकरा कार्यकर्ते. शंतनू यांना कोर्सची थोडी चाड होती, म्हणून त्यांनी मसुदा एकमधलं वाक्यही गुपचूप ठेवलं: खाली डाव्या कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर असतात त्या अक्षरांत.

संदेश वसाहतीच्या ग्रुपवर गेला. अशा चित्राचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. प्रतिसाद ४१२, पैकी 'दादांना उदंड आयुष्य' ३०६, केक ९७, हलणारा वाघ ८, 'नळ कधी?' १. दादांचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो. पण लोकभावनेचा मान राखून त्यांनी त्याच संध्याकाळी चौकात केक कापला. कक्षाच्या अहवालानुसार संकटात इतका सकारात्मक प्रतिसाद मराठवाड्यात प्रथमच.

मुक्ताबाईंनी मात्र अख्खा ड्रम मोरीत ओतला, शेजारच्या दुकानातून पाण्याचा जार उधार आणला आणि नातवाला दूध पाजलं. मग गल्लीत दारोदार सांगत फिरल्या, "पिऊ नका रे, त्या हापिसातली माणसं सोताच्या बाटल्या आणतात."

तुमच्याही दारी आल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "मावशी, तसा मेसेज आलाय का?"

आलाय. मोबाइल काढा, दादांचं चित्र उघडा, मोठं करा. डावा कोपरा. तुम्ही पाठवलेल्या केकच्या बरोबर वर.

सावकाश वाचा. हातातला पेला तेवढा खाली ठेवून.