स्टँडवरच्या आवाजातली प्रार्थना

शुक्रवार, संध्याकाळ. स्थळ : आमच्या सोसायटीची गच्चीवरची खोली, रोहा. उपस्थित : याकोब साळवे (दुसरा मजला), पेणहून आलेल्या शांताबाई आणि रूथबाई या दोघी बहिणी, धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आलेला एक ऑपरेटर आणि मी, सोसायटीची सेक्रेटरी. हे चौघे प्रार्थनेला आले होते, मी चौकशीला.

साळवेकाका आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आधी पेणला, मग रोह्याला. निवृत्त झाले तरी माइक सुटला नाही. जिन्यात कोणी भेटलं की नमस्काराच्या आधी "कुठं निघालात? व्हाया?" असं विचारतात. माझ्या भाचीच्या लग्नात पंगत बसली, तेव्हा ते मांडवाच्या दारात उभे राहून म्हणाले, "जेवणाऱ्या मंडळींनी लक्ष द्यावं, पंगत उजव्या बाजूला लागलेली आहे." मंडळी खरंच उजवीकडे गेली.

बंद गेट त्यांना बघवत नाही. सोसायटीचं गेट वॉचमन लावतो, काका उघडून मध्ये वीट ठेवतात. चेअरमन म्हात्रे यांचा पहिला संशय या विटेवरून. दुसरा संशय मुलावरून. रूबेन दीडेक वर्षांपासून दिसत नाही. विचारलं तर काका म्हणतात, "लांब पल्ल्याच्या गाडीवर हाय." तिसरा संशय या खोलीचा. शुक्रवारी वरून कसलीतरी अनाउन्समेंट ऐकू येते, गावं आपल्याकडची नाहीत, आणि मधेच चारपाच जण एका सुरात काहीतरी म्हणतात. "बाई, तुम्ही बसून या आणि अहवाल द्या," म्हात्रे म्हणाले. "तोवर पुढच्या महिन्याची खोली कोणालाच नाही."

मी बसले. काका उभे राहिले, घसा साफ केला आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू झाले.

"बेथलेहेमहून यरुशलेमला जाणारे थांबलेत, प्रभू. अंतर पेण ते वडखळ एवढं. नाक्यावर सैनिक परवाना मागतात."

"वाट मोकळी कर, प्रभू," बाकीचे म्हणाले.

"हेब्रोन. जैतुनाच्या बागेत गेलेल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या जमिनीवरून हाकललं."

"न्याय कर, प्रभू."

"जेनिन. घरं सोडून गेलेली माणसं परतीची वाट बघत थांबलीत."

"वाट मोकळी कर, प्रभू."

मग जरा थांबून, "गाझा. सगळ्या गाड्या बंद."

शांताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ऑपरेटर जमिनीकडे बघत राहिला. नंतर काका इस्रायलमधल्या मेलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही बोलले, तेही त्याच आवाजात.

मी विचारलं, "काका, नुसती शांतीची प्रार्थना केली तर नाही का चालणार? चेअरमनना तेवढं पटेल."

"मॅडम, रांगेतल्या माणसाला शांत राहा म्हणणं सोपं असतं. मी रोज म्हणायचो. गाडी आणून देणं अवघड. आम्ही गाडी मागतो."

शेवटी ते खाली बसले, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "आणि त्या माणसाला त्याचं काम परत मिळू दे." गाव नाही, नाव नाही. काका काहीतरी लपवतात, हा माझा संशय इथे पक्का झाला. बहिणी पेणची गाडी पकडायला निघाल्या, ऑपरेटरही गेला. काका सतरंजी गुंडाळायला लागले तसं मी दुसरं टोक धरलं.

"कोण तो माणूस?"

"ते ठाऊक नाय."

"काका, मला लिहून द्यायचंय."

त्यांनी सतरंजी तशीच मांडीवर घेतली. "रूबेन तिकडंच हाय. इस्रायलला. धाटावला कंपनीनं कमी केला, मग लादी बसवायचं शिकला आणि गेला. आधी हे काम पॅलेस्टिनी माणसं करायची. लढाई लागली, त्यांचे परवाने बंद केले, मग आपली पोरं बोलावली. पहिल्या दिवशी याच्या हातात थापी दिली, तिच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली. हाताला घट्टे पडू नयेत म्हणून कोणीतरी बांधलेली. रूबेन म्हणाला, पप्पा, मला ती सोडवत नाय. तशीच वापरतो."

मी हातातलं टोक सोडून त्यांच्यासमोर बसले.

"ज्यानं ती बांधली तो आता घरी बसला असंल. त्याचं काम त्याला मिळावं. हे बरोबर ना? पण त्याला मिळालं तर माझा पोरगा परत येणार. मला तेही पाहिजे. घरात एकटा दोन माणसांचा भात लावतो मी. मग ही प्रार्थना त्याच्यासाठी का माझ्यासाठी? लोकांचं सोडा मॅडम, मलाच माझा संशय येतो."

"रूबेनला माहीत आहे?"

"नाय. त्याची नोकरी जावी म्हणून बाप देवाकडं मागतो, हे त्याला बिल्डिंगीतल्या कोणाच्या फोनवरून कळायला नको. मी सांगतो. मग तुम्ही काय ते लिहा."

म्हात्र्यांना अहवाल दिला की तो सोसायटीच्या ग्रुपवर पडणार. रूबेन त्या ग्रुपवर आहे.

त्यानंतर काका भेटले की मी विचारते, "झालं का बोलणं?" कधी रूबेन दमलेला असतो, कधी तिथे हल्ल्याचा भोंगा वाजतो आणि त्याला आडोशाला पळावं लागतं. एकदा काका म्हणाले, "आज हसत होता हो. नाय सांगवलं."

महिना बदलला, अहवाल नाही, म्हणून खोलीला कुलूप आहे. पेणच्या बहिणी शुक्रवारी येतात आणि गच्चीच्या दाराबाहेर, शेवटच्या पायरीवर बसून प्रार्थना करून जातात. काल म्हात्र्यांनी जिन्यात गाठलं. "बाई, तुमची कामं कधी मागे राहत नाहीत. याचं काय?"

"देते," म्हटलं. तो अहवाल अजून लिहायचा आहे.