मनोऱ्यावरून काय दिसतं

जर्मनीतल्या इमारतीच्या तळघरातल्या धुणीघरातून रोहिणी रिकामी बादली हलवतच वर आली.

“बाबा, गंमत ऐका! तिसऱ्या मजल्यावरच्या लारिसाबाई रशियातल्या सोचीच्या निघाल्या! तीस वर्षं राहिल्यात तिथं. मी म्हटलं, आमच्या सासऱ्यांनी पण सोची बघितलंय. रविवारी कॉफीला बोलावलंय त्यांना.”

यशवंतरावांचा चहा बशीत सांडला. कारण त्यांनी सोची बघितलंच नव्हतं.

झालं होतं असं. चौऱ्याऐंशी साली एका मैत्री मंडळाने नागपुरातून एकट्या यशवंतराव मेश्रामांना रशियाच्या सहलीसाठी निवडलं. मोहल्ल्याने हार घातले, शाल दिली, पेपरात फोटो आला. दिल्लीत पोचल्यावर कळलं, यादीतून नाव उडालंय. आता एवढे हार घालून घेतलेला माणूस कोणत्या तोंडाने परत येणार? पंधरा दिवस ते मेहुण्याच्या खोलीत बसले आणि मंडळाने दिलेलं सोचीचं रंगीत पुस्तक पाठ करून परतले. खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, मीराबाईंना ठाऊक होतं. त्या कोणाला न सांगताच वारल्या.

त्यात ते नेमकं २०१४ साल. टीव्हीवर सोचीचं ऑलिंपिक चालू होतं आणि दहा वर्षांच्या धम्मदीपाने इथल्या, डार्मश्टाटच्या शाळेत ‘माझे आजोबा तिथे जाऊन आलेत’ असं सांगून टाकलं होतं. सोमवारी तिला त्यावर वर्गात बोलायचं होतं. नातीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. तरी ती ज्या कौतुकाने आजोबांकडे बघायची, ते कौतुक त्यांना गमवायचं नव्हतं.

रविवारी त्यांनी पोटदुखीचं निमित्त काढून पाहिलं. रोहिणीने ओवा चावायला दिला आणि सोफ्यावर आणून बसवलं. लारिसाबाई केक घेऊन हजर झाल्या.

आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. यशवंतरावांनी सुरुवातच केली. पामची झाडं, गंधकाच्या पाण्याचे झरे, बागेवरून जाणारा रोपवे, आखून नावाच्या डोंगरावरचा दगडी मनोरा! धम्मदीपा भराभर जर्मन करून सांगत होती. लारिसाबाईंनी काटा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. संपलं, यशवंतरावांना वाटलं.

लारिसाबाई हळूहळू बोलल्या. रोहिणीने सांगितलं, “बाबा, त्या म्हणतायत, तीस वर्षं सॅनेटोरियममध्ये हवापालटाला आलेल्या पाहुण्यांच्या चादरी धुतल्या. सीझनला सुट्टी नाही आणि सीझन संपला की अंगात त्राण नाही. त्या मनोऱ्यावर कधी चढल्याच नाहीत. विचारतायत, वरून काय दिसतं?”

पुस्तकातला मनोऱ्याचा फोटो खालून काढलेला होता.

आपण न पाहिलेलं गाव त्याच गावात राबलेल्या बाईला दाखवतोय, याची यशवंतरावांना मनापासून लाज वाटली. रोहिणी कॉफी आणायला आत गेली तसे ते नातीकडे वळले.

“दीपा, त्यांना खरं सांग बेटा. म्हणावं, मी कधी गेलोच नाही. पुस्तकात वाचलं सगळं.”

धम्मदीपाने एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ती लारिसाबाईंना जर्मनमध्ये बरंच काही सांगत सुटली. मध्येच तिने दोन्ही हात पसरले. लारिसाबाईंनी डोळे मिटले, हसल्या आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा यशवंतरावांच्या बशीत ठेवला.

“काय सांगितलंस गं?” यशवंतरावांनी घाबरत विचारलं.

नातीने बोटाला लागलेलं क्रीम चाटलं आणि चक्क मराठीत म्हणाली, “खूप मोठा समुद्र दिसतो, म्हटलं. उद्या शाळेत पण तेच सांगणार. आल्झो... म्हणजे, तर आजोबा, तुम्ही आता विसरू नका.”