कांगारूचा भाव

इंगळे सिस्टरला कुणी "आमच्यात असंच करतात" म्हटलं, की तिचा एकच सवाल: "पुरावा?"

बाळाच्या नाळेला राख लावणाऱ्या आजीला ती हेच विचारते, आणि पावडर लावणाऱ्या जुन्या सिस्टरलाही.

"आमी जिंदगीभर हेच करून राह्यलो," जुनी सिस्टर फणकारली.

"जिंदगीभर चुकलं असंन तं?" म्हणत इंगळे सिस्टरनं पावडरचा डबा कपाटात कोंडला. वॉर्डात तिचं नावच 'पुरावाबाई'. या बाईला हे वेड लागलं कुठून, याचं मला भारी कुतूहल.

तसं माझं तिच्याशी वाकडं आहे.

केनवडच्या बाजारात हातगाडीपासून मी हळदीचा धंदा उभा केला. माझा शब्द सहसा कुणी मोडत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीला दिवस भरण्याआधीच बाळ झालं. नात एवढीशी, की अंग गरमच राहीना. सिस्टर म्हणाली, "भाऊ, हिले कांगारू द्या लागते. लवकर."

मी तडक औषधाच्या दुकानात. "कांगारू द्या. चांगल्या कंपनीचं. अन् भाव नीट लावा."

"शेठ, त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियाले जा लागते," दुकानदार म्हणाला. त्याच्याशी भांडून परत आलो, तर सिस्टर म्हणते, "भाऊ, कांगारू तुमीच. शर्ट काढा."

बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, त्याला कांगारू म्हणतात. मुलगी तापानं फणफणलेली, बायकोला खोकला, जावई अजून गाडीत. उरलो मी.

"बनियन राहू द्या."

"कातडीले कातडी लागली पाह्यजे. पुरावा त्याचा हाय, बनियनचा नाई."

"बरं, अर्धी वर करतो."

"भाऊ, हा बाजार नोहे! पोरगी थंडी पडून राह्यली."

काढली. आयाबाया तोंडाला पदर लावून हसल्या. तो राग अजून गेलेला नाही.

सिस्टरनं नात माझ्या छातीवर ठेवली, वर चादर घातली आणि शेजारी बसून राहिली. हळूहळू नातीची पावलं कोमट झाली.

"तुमच्याकडं काचेची पेटी हाय ना?" मी विचारलं. "मंग मले काहून नाचवलं?"

ती नातीकडेच बघत होती. "माझा पोरगा पेटीतच होता. दुसऱ्या दवाखान्यात. हात लावू नका म्हने. मी नर्स असून इचारलं नाई, काहून." मग म्हणाली, "हातमोजा घालून एक बोट लावलं होतं त्याले. तेवढंच."

आणि उठून ती चादर नीट करू लागली. चादर नीटच होती.