देवापुढे ठेवलंय

विमानतळाची बस यायला पाच मिनिटं उरली असताना अनुयाने नवऱ्याला तीन कामं सांगितली. सियाच्या डब्यात शेंगदाणे घालायचे नाहीत, शाळेत चालत नाहीत. कार्ड आलं की डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं. आणि देवाला रोज दिवा लावायचा.

"आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे अंबरीश. निदान हे पंधरा दिवस तरी दिवा चुकवू नकोस."

"चुकवीन कसा? तू अगदी निश्चिंत जा."

'निश्चिंत जा' असं नवरा म्हणाला की शहाण्या बाईने बॅग उघडून पुन्हा घरात बसावं. पण बस आली आणि अनुयाला तेवढी उसंत मिळाली नाही.

"आई, माझी बर्थडेला तू येणार ना?" सियाने तिचा कोट धरून विचारलं. सिया ब्रिस्टलमध्येच जन्मलेली, मराठी छान बोलायची, फक्त जगातल्या बहुतेक वस्तू तिच्या लेखी स्त्रीलिंगी होत्या.

"दोन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी मी घरात. रविवारी केक आपण दोघींनी करायचा. प्रॉमिस."

हे प्रॉमिस त्या कार्डावर टांगलेलं होतं. इंग्लंडमध्ये कायमचं राहायची परवानगी मिळाली की त्या वेळी प्लास्टिकचं एक कार्ड घरी यायचं. आता तेही बंद झालं, सगळं मोबाईलमध्ये गेलं. दोघांनी अर्ज एकाच दिवशी केला, एकाच दिवशी मंजुरीची ईमेल आली. अंबरीशचं कार्ड चौथ्या दिवशी दारात हजर! अनुयाचं मात्र अजून आलंच नव्हतं. या देशातून बाहेर पडताना कुणी अडवत नाही. खरी गंमत परत येताना असते. मुंबईच्या काउंटरवरची मुलगी म्हणते, "मॅडम, कार्ड?" तिथे ईमेल दाखवून उपयोग नसतो.

थांबणंच शहाणपणाचं होतं. पण पुण्याच्या डॉक्टरांची तारीख सहा महिन्यांनी मिळाली होती आणि अनुयाची आई, आशाताई, म्हणाल्या होत्या, "तू येणार नसशील तर मी लंगडत जगेन, पण टेबलावर झोपणार नाही." तेव्हा बेत असा ठरला. कार्ड यथावकाश येईल. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या ओळखीच्या सुचेतावहिनी अनुयाच्या परतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मुंबईला निघणार होत्या. अंबरीशने गुरुवारी त्यांना कार्ड नेऊन द्यायचं, अनुयाने ते मुंबईत त्यांच्याकडून घ्यायचं आणि शनिवारच्या विमानात बसायचं. किती सोपं!

पहिल्या दिवशी अंबरीशने मोठ्या भक्तिभावाने दिवा लावला. देवघर वरच्या छोट्या खोलीत, कपाटात होतं. दिव्याबरोबर दोन उदबत्त्याही लावल्या आणि छतावरचा स्मोक अलार्म असा काही कोकलला की शेजारचं कुत्रं त्याला साथ द्यायला लागलं. स्टुलावर चढून टॉवेल हलवता हलवता अंबरीशचा खांदा भरून आला. त्याने कपाटाची दारं लावली आणि देवाशी परस्पर तडजोड केली. यापुढे नमस्कार मनातल्या मनात, म्हणजे खालूनच. देवानेही हरकत घेतली नाही.

"दिवा लावलास?" अनुया रोज फोनवर विचारायची.

"लावला की!" अंबरीश सोफ्यावरून म्हणायचा. सिया शेजारी चित्र रंगवत बसलेली असायची.

पहिल्या बुधवारी त्याला सुप्रभाकाकूंचा व्हॉइस मेसेज आला. काकू दोन घरं सोडून राहायच्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर मिरजेहून आलेल्या. अंबरीशच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि कुणी घरात नसलं तरी त्या येऊन भाजीचा डबा फ्रिजमध्ये ठेवून जायच्या. सध्या मैत्रिणींबरोबर दहा दिवसांच्या सहलीला निघाल्या होत्या. मेसेज बसमधून केलेला होता. आधी बायकांचा गलका, मग घर्र घर्र, आणि मग काकूंचा आवाज: "...अनुयाचं ते... देवापुढे ठेवलंय हो मी. आता निर्धास्त राहा. वांग्याची भाजी आजच खा."

अंबरीशला भरून आलं. परक्या देशात आपल्या बायकोसाठी देवाला साकडं घालणारं कुणीतरी आहे! त्याने अनुयालाही ते कौतुकाने सांगितलं.

"काकूंनी देवापुढे ठेवलंय सगळं. आता आईंचं ऑपरेशन बघ कसं होतं."

ऑपरेशन खरंच छान झालं. कार्डाचा मात्र पत्ता नव्हता. दुसऱ्या सोमवारी अंबरीशने सहज ईमेलचं जंक फोल्डर उघडलं तर आत कुरियरची ईमेल. 'आपलं पाकीट गेल्या बुधवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी घरातील व्यक्तीकडे सुपूर्द केलं आहे.'

घरातील व्यक्ती? बुधवारी अकराला घरातली एक व्यक्ती ऑफिसात होती, दुसरी शाळेत आणि तिसरी पुण्यात आईला वॉकर धरून चालवत होती. त्याने कुरियरला फोन लावला.

"तुमच्या घरच्या रेसिडेंटने सही केलीय, सर."

"अहो, रेसिडेंट मीच आहे!"

"मग सही तुम्हीच केली असणार, सर."

"मी ऑफिसात होतो."

"मग रेसिडेंट दुसरं कुणीतरी असेल. तुम्ही रेसिडेंट असल्याचा काही पुरावा आहे का? एखादं कार्ड वगैरे?"

अंबरीशने फोन ठेवला आणि काकूंना लावला. बंद. काकू बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवत आणि स्वतःला बोलायचं असेल तेव्हाच सुरू करत. ही बचत त्या पंधरा वर्षं करत होत्या.

मंगळवारी त्याच्या डोक्यात आलं की आपल्या चौदा नंबरऐवजी पाकीट एक्केचाळीसमध्ये गेलं असेल. तिथल्या आजोबांनी त्याला आत घेतलं, चहा पाजला, आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटी त्याच्या हातात चुकून आलेलं एक पाकीट दिलं. ते बावीस नंबरचं होतं.

बुधवार कचऱ्याच्या गाडीचा. सकाळी दार उघडल्यावर अंबरीशच्या मनात आलं, कुणीतरी जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर पाकीट फेकून दिलं असलं तर? गाडी कोपऱ्यावर दिसत होती. त्याने पायजम्यावरच धाव घेतली. स्वतःचा कागदाचा डबा उपसला, मग शेजारचा, मग पलीकडचा. सात घरांचे डबे त्याने तळापर्यंत ढवळले. पडद्याआडून सात घरं बघत होती.

"काय हरवलंय का?" गाडीवरच्या माणसाने विचारलं.

"बायकोचं..." अंबरीशला धाप लागली होती. पुढचा शब्द बाहेर यायच्या आत गाडी निघून गेली.

संध्याकाळी फोनवर अनुयाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "अंबरीश, उद्या शेवटचा दिवस रे. कार्ड मिळालं नाही तर इथून नवा अर्ज, त्याला किती दिवस कोण जाणे. सियाला मी काय सांगू?"

"सापडेल गं. मी अख्खी गल्ली पालथी घालतोय."

"देवाला सांग. नीट हात जोडून सांग. दिवा लावतोयस ना रोज?"

"लावतो म्हणजे काय!" तो म्हणाला. खरं तर त्याला रडूच येत होतं.

मग त्याने पोस्टर केलं. वर मोठ्या अक्षरांत 'हरवलं आहे'. कार्डावर अनुयाचा फोटो असणार, म्हणून मधोमध अनुयाचा हसरा फोटो. त्याखाली 'सापडल्यास कृपया चौदा नंबरला परत आणून द्यावे, शुक्रवारच्या आत गरज आहे'. आणि सगळ्यात खाली, 'फोटोतल्या बाईंचं रेसिडेन्स कार्ड'. हे सगळं अर्थातच इंग्रजीत. प्रिंटरची शाई शेवटच्या ओळीआधी संपली. घाईत त्याने ते बघितलं नाही आणि बारा खांबांवर बारा अनुया चिकटवून आला.

गुरुवारी सकाळी सहा नंबरच्या बाईने दारात लसान्याचं ताट आणून दिलं आणि त्याचा दंड दाबला. पोस्टमन टोपी काढून गेला. अंबरीशला वाटलं, काय माणसं आहेत! एका कार्डासाठी इतका जीव!

चार वाजता सिया शाळेतून आली आणि तिच्या पाठोपाठ बेल वाजली. दारात पोलीसबाई! तिच्या हातात पोस्टर.

"या तुमच्या पत्नी?"

"हो. सापडलं?" अंबरीश आनंदाने ओरडला.

"त्या सध्या कुठे आहेत?"

"पुण्यात."

"हे इंग्लंडच्या कोणत्या काउंटीत येतं?"

तिला आत घेऊन अंबरीशने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पण गुडघा, अलार्म, वांग्याची भाजी आणि एक्केचाळीस नंबर या क्रमाने सांगितलेली गोष्ट त्याची त्यालाच खोटी वाटायला लागली.

"काल सकाळी तुम्ही शेजाऱ्यांच्या कचऱ्यात काय शोधत होता?"

"तिला. म्हणजे तिचं कार्ड."

"पत्नीशी फोनवर बोलता येईल?"

अंबरीशने व्हिडिओ कॉल लावला. रिंग वाजत राहिली. अनुया नेमकी आईला पलंगावर वळवत असणार. दुसऱ्यांदा लावला. नाही. पोलीसबाईने वही मिटली. "घर बघितलं तर चालेल?"

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? तिने खालचं बघितलं, वरचं बघितलं. मग त्या छोट्या खोलीत जाऊन कपाटाचं दार उघडलं आणि ती थबकली.

"सर, जरा इकडे या."

अंबरीश गेला. देवघरात सुकून काळं पडलेलं फूल, विझलेला दिवा, तांदळाचे दाणे, आणि गणपतीला टेकून उभं कार्ड. कार्डावर अनुयाचा फोटो. अनुयाच्या कपाळावर मधोमध लालभडक गोल डाग.

"हे काय आहे, सर?" तिचा आवाज आता फार शांत होता.

"सापडलं! अहो, कार्ड सापडलं!" अंबरीश नाचायलाच लागला. पोलीसबाई दोन पावलं मागे सरकली. तिचा हात खांद्यावरच्या वॉकीटॉकीवर गेला होता. "तो लाल डाग कसला आहे?"

"ते कुंकू! आमच्याकडे कपाळाला... म्हणजे बाईच्या... म्हणजे नवी वस्तू आली की..." अंबरीशची बोबडी वळली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर अनुया, जिवंत, केस विस्कटलेले. "अंबरीश, दोनदा कॉल का केलास? आणि या कोण?"

पोलीसबाईने फोन हातात घेतला, कार्ड आणि अनुया दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि मोठा श्वास सोडला. मग कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, "मॅडम, हे तुमच्या ओळखीचं आहे?"

"अगंबाई, माझं कार्ड!" अनुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला हसू फुटलं. "काकूंचंच काम! फोटोला टिकली चालत नाही हे मी त्यांना सांगितलं होतं, तर म्हणाल्या होत्या, मोकळं कपाळ बरं नाही दिसत. कुठे होतं रे?"

"देवापुढे," अंबरीश म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याच्या डोक्यात काकूंचा मेसेज पुन्हा वाजला. या वेळी घर्र घर्रसकट नीट कळला.

"देवापुढे," अनुयाने सावकाश म्हटलं. "कधीपासून?"

अंबरीशने काळं पडलेलं फूल उचलून खिशात घातलं. सियाने फोनमध्ये डोकं घातलं.

"लास्ट वीकपासून! मी रोज शाळेत जाताना बाप्पाला नमस्कार केली. कार्डला पण केली."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?" अंबरीश जवळजवळ ओरडलाच.

सियाने आश्चर्याने बापाकडे बघितलं. "बाबा, तू आईला रोज सांगितली ना, मी दिवा लावला? सो मला वाटली तुला दिसली असेल."

 पुण्यात कुठेतरी आशाताई विचारत होत्या, "कोण गं? काय म्हणतायत जावईबापू?" काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारे जावईबापू भिंतीकडे बघत होते.

"अंबरीश," अनुया शेवटी म्हणाली. आवाज गोड होता, आणि लग्नाला नऊ वर्षं झालेल्या माणसाला गोड आवाजाचा अर्थ कळतो. "आत्ता निघ आणि कार्ड सुचेतावहिनींच्या हातात दे. कुंकू पुसू नकोस, डाग पसरेल, मी पुसते. सिया, राणी, मी बर्थडेला येतेय. बाकीचं मी शनिवारी घरी आल्यावर बोलते." आणि फोन बंद झाला.

सिया उड्या मारत खाली पळाली. पोलीसबाईला मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, पण ती स्वतःही लग्न झालेली असावी. तिने वहीत काहीतरी लिहून खाली रेघ मारली.

"पत्नी सुखरूप, कार्डही सापडलं. पोस्टर्स तेवढी काढून टाका. आमच्याकडून आणखी काही मदत हवी आहे का, सर?"

अंबरीशने कार्ड छातीशी धरलं आणि हळूच विचारलं, "शनिवारी संध्याकाळी तुमची ड्यूटी असते का हो?"