घाडी मुकादमांचा पेला

आमच्या खात्यातले घाडी मुकादम कुठेही गेले की आधी पेलाभर पाणी मागत, आणि ते न पिता जमिनीवर ओतत. मग कमरेवर हात ठेवून पाणी कुठल्या बाजूला पळतं ते बघत. लग्नाचा मांडव असो, डॉक्टरची खोली असो, माझं मुलुंडचं बिऱ्हाड असो. एकदा आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी हा प्रयोग केला, तेव्हापासून माझी आई त्यांना थेट चहाच देत असे. "माणूस खोटा बोलता, भाऊसाहेब. पाणी खोटा बोलणा नाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

साठ-पासष्ट सालच्या सुमारास मी उपनगरातल्या रस्त्यांच्या कचेरीत कारकून होतो. दरवर्षी मुकादम-मेस्त्री मंडळींचा आठवडाभर उजळणी वर्ग भरे, अंधेरीच्या एका शाळेत. हजेरीपट माझ्याकडे. साहेब फळ्यावर रस्त्याचा ढाळ, म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठीचा उतार, काढत आणि घाडी मुकादम मागच्या भिंतीशी येरझाऱ्या घालत. हा माणूस बसतच नसे. बसा म्हटलं की, "उभ्यानच आयकतंय," म्हणत. एका वर्षी उद्घाटनाला त्यांनी पाहुण्यांसमोरचा पेला उचलला आणि व्यासपीठावर रिकामा केला. पाणी सरळ पाहुण्यांच्या बुटांखाली गेलं. "स्टेज कललेला असा," मुकादमांनी जाहीर केलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच ओतलं होतं.

शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा असे. पास होणारा सुपरवायझर होई आणि त्याची बदली पनवेलच्या पलीकडे होई. चार वर्षं मुकादम त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत नाहीसे झाले. लोक म्हणत, भ्याला म्हातारा. मला भारी संताप येई, कारण रस्त्यातलं त्यांना साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. पाचव्या वर्षी साहेब मला म्हणाले, "वयाची अट आहे, त्यांची ही शेवटची संधी. धरून बसव त्यांना."

मी सकाळीच त्यांच्या चपला माझ्या टेबलाखाली लपवल्या. एक वाजता मुकादम अनवाणीच निघाले. मी चपला हातात घेऊन धावलो आणि ते चढले त्याच घाटकोपरच्या बसला लोंबकळलो.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावरच्या एका गल्लीत ते शिरले. एका बैठ्या घराच्या दारात म्हातारी तांदूळ निवडत होती. तिला काही न विचारता मुकादमांनी पिंपातून पेला भरला, दारासमोरच्या रस्त्यावर ओतला आणि वाकून बघत राहिले.

"मुकादम!" मी ओरडलो. "दोन वाजता परीक्षा सुरू होतेय! तुम्हाला पास व्हायचं नाही का?"

"नाय," ते शांतपणे म्हणाले. "पास झालंय तर बदली. मगे हय कोण बघतलो?"

मग तिथेच, उभ्या उभ्या, त्यांनी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी हा रस्ता त्यांच्याच टोळीने केला. वर खडी-डांबराचा नवा थर चढला, रस्ता उंबऱ्याहून उंच झाला आणि ढाळ चुकून घराकडे पडला. एका पावसात सगळं पाणी आत. म्हातारीच्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो त्यात भिजून कोरा झाला. ढाळ त्यांनी नीट करून दिला, पण "आज नळवाले खणतत, फाल्यां टेलिफोनवाले. ढाळ ऱ्हवता काय?" म्हणून दर आठवड्याला एक पेला.

"मी बघेन," मी म्हणालो.

"तुमची पण बदली होतली, भाऊसाहेब."



म्हातारीने सूप खाली ठेवलं. "म्हणजे माझ्यापायी तू परीक्षेक बसणस नाय?" ती उठली, मुकादमांच्या हातातला पेला तिने हिसकावून घेतला, भरला आणि रस्त्यावर ओतला. आम्ही तिघंही वाकलो. पाणी गटाराकडे गेलं. "बघ! माझ्या दारात पाणी ओतूक माका येणा नाय? वाकडा गेला तर तुझ्या हाफिसात येवन बोंब मारीन. जा आता."

मुकादम हलले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मालवणात त्यांचं कुणी उरलं नव्हतं आणि इथे ते चार मुकादमांबरोबर एका खोलीत राहत, हे मला ठाऊक होतं; पण त्याचा अर्थ मला तोवर कळला नव्हता.

"मगे मी हय कित्याक येव?" त्यांनी हळूच विचारलं.

"चाय पिवक ये, मेल्या!" म्हातारी म्हणाली. "दहा वर्षां झाली, एकदा तरी बसलंस काय?"

तिने आतून चहा आणला. अडीच वाजले होते, परीक्षा चारपर्यंत होती. घाई करायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. घाडी मुकादम उंबऱ्यावर बसले होते. पाच वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होतो.

चहा संपवून त्यांनी माझ्या हातातल्या चपला घेतल्या, पायात घातल्या. "चला, खंय असा ती परीक्षा?" कप त्यांनी स्वतः विसळला, पाणी रस्त्यावर टाकलं आणि मागे न बघता चालू लागले.

मी मात्र थांबून बघितलं. गटाराकडेच गेलं.