अंबर लावलेलं पत्रक

बन्सीकाका पगारे भेटले की 'कसे आहात' असं कधी विचारत नसत. आपला डावा कान समोरच्याच्या नाकाजवळ नेत आणि विचारत, "कसं हाय आज?"

कानात अत्तराचा फाया असे. अंबरचा, बारा महिने. भर मे महिन्यात लोक वाळा लावत, तेव्हाही काका अंबरच लावत. "मोगरा म्हंजे पाहुणा," ते सांगत. "आला, चहा प्यायला, गेला. अंबर मुक्कामाला ऱ्हातं."

जुन्या नाशकातल्या एका छापखान्यात ते शिशाचे खिळे जुळवायचे. तिकडे गंगापूर रोडला संगणकावर छपाई सुरू झाली होती, पण आमच्यासारख्या फाटक्या संघटनेला खिळ्यांचाच छापखाना परवडे. मी बावीस वर्षांचा होतो आणि सातपूरच्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहीत होतो. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी वाचायला शिकलो तोच 'बंधूंनो' या शब्दापासून. माणसाला कायमची नोकरी नाही तिथे अत्तर कसलं लावता, असं माझं रोखठोक मत होतं.

"कसं हाय आज?"

"सरंजामी," मी म्हणायचो.

काका खूश व्हायचे. "म्हंजे जोरात हाय तर!"

खरं सांगतो, मला त्या वासाचा हेवा वाटायचा. मी एका वाक्यासाठी चार कागद फाडायचो. काका मात्र नुसत्या बोटांनी माझं पत्रक उचलायचे, आणि लोकांच्या लक्षात राहायचा तो त्या बोटांचा वास. आमच्या इंदिरानगरच्या कार्यालयात सुनंदा काम करायची. ती माझं प्रत्येक पत्रक घरी नेते, कपाटात जपून ठेवते, हे कळल्यावर मी पंधरा दिवस हवेत होतो. शेवटी न राहवून विचारलं, "कुठलं आवडलं?"

"सगळीच," ती म्हणाली. "साड्यांना काय छान वास लागतो रे!"

त्या दिवसापासून अंबर माझं वैरी झालं.

मग ती गेटसभा आली. बावीस जणांना कामावरून काढलं होतं. सगळी पाळी एकदम बाहेर थांबली तरच मालक बोलायला येणार होता, आणि लोकांना थांबवायचं काम माझ्या पत्रकावर होतं. आयुष्यातलं सर्वांत चांगलं पत्रक मी लिहिलं. गेटवर गठ्ठा सोडला आणि अंबरचा असा लोट आला की पहारेकऱ्यानं मान वळवली.

पहिल्या कामगारानं कागद घेतला, हुंगला, न वाचता घडी करून खिशात घातला.

"कुणाचं लगीन हाय?"

"लग्न नाही हो, सभा आहे!"

"सभेला जेवण हाय का?" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळी रांग हसत हसत बसकडे गेली. सभेला नऊ माणसं थांबली. काढलेल्या बावीसांतलेसुद्धा सगळे नव्हते.

मी सायकल मारत तडक छापखान्यात गेलो. काका खिळे रॉकेलनं धूत होते.

"पत्रिकांचं अत्तर माझ्या पत्रकाला का लावलंत?"

लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधून झाले की कडांवरून अत्तराचा फाया फिरवायचा, ही त्या छापखान्याची रीत होती आणि ते काम काकांचं. त्यांनी हात पुसले. "लागलं का?"

"लागलं का? घ्या, हुंगा!" मी उरलेला गठ्ठा त्यांच्या नाकाशी धरला.

त्यांनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, गणित न सुटलेल्या पोरासारखं.

"लय झालंय का?"

"तुम्हाला येत नाही?"

"नाय येत. चार वर्सं झाली. ताप आला व्हता, त्यात गेलं." ते पुन्हा खिळे धुवायला लागले. "वरून गुंडाळलेला कोरा कागद, सगळे गठ्ठे सारखेच दिसत्यात. आदी नाकानं कळायचं कुठल्याला लावलं. तुमचं नुकसान झालं, साहेब."

चार वर्षं ते स्वतःला न येणाऱ्या वासासाठी कान पुढे करत होते, आणि मी भेटल्यापासून रोज 'सरंजामी' म्हणत होतो.

"मग लावता कशाला?"

"वडील मनमाडला इंजिनावर कोळसा टाकायचे. घरी आले की अंघोळ, मग कानात अंबर. तरी कोळशाचा वास जायचा नाय. मी त्यांच्या कुशीत झोपायचो." त्यांनी कान पुढे केला. "तुमी लिवणारे. खरं सांगा ना, त्यात अजून धूर हाय का?"

मी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. आधी त्यांच्या कानाजवळ नाक नेलं. पहिल्यांदाच नीट.

'आधी गूळ तापतो,' मी लिहिलं. 'मग लाकूड. मग शेगडी विझल्यावर मागे राहतो तो धूर. हा वास घाईनं आत शिरत नाही, उंबऱ्याशी चपला काढतो. पण बसला की मालक आला तरी उठत नाही. थंडीत बापाच्या कुशीत शिरावं, तेवढी ऊब त्याच्यात आहे. आणि हो, धूर आहे. अजून आहे.'

वाचून दाखवलं. काका उठले. त्यांनी ते खिळ्यांत जुळवलं आणि एकच प्रत काढली.

पुढे तो छापखाना बंद पडला. पाच-सहा वर्षांनी काका मला मनमाड स्टेशनवर भेटले. कान पुढे केला. मी म्हणालो, "धूर आहे."

हसून त्यांनी आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. घड्यांवर झिजलेला, त्या दिवशी छापलेला. सवयीनं मी तो नाकाशी नेला. नुसत्या जुन्या कागदाचा वास.

"याला अत्तर नाही लावलं?"

"याला कशाला लागतंय?" काका म्हणाले, आणि घडी घालून तो पुन्हा आत ठेवला.